दुसरा बार

“हे तुम्ही कुणी मानणार नाही,” असं म्हणून आर्लोने कॉफीचा कप बाजूला सारला. मोंटानातल्या त्या खानावळीत याचा अर्थ एकच, खुर्च्या जवळ ओढा. लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावण्यात जन्म गेलेला हा माणूस. आयुष्यात घडलं थोडं, सांगितलं फार. मागच्या टेबलाशी त्याची बायको व्हर्ना पॅनकेक खात होती. तिच्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. घराच्या तळघरात काडतुसं भरणं हा आर्लोचा म्हातारपणचा चाळा. पितळी पुंगळी, आत दारू, वर शिशाची गोळी. पिस्तुलाचं काडतूस असेल तर पुंगळीचा काठ नुसता दाबून बसवला की भागतं. रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. तिथं तो काठ ओठासारखा गोळीच्या खाचेत नीट मुडपावा लागतो. नाहीतर एका बाराच्या हिसक्याने उरलेल्या गोळ्या पुढे सरकतात, तोंडं बाहेर काढतात, आणि काडतुसं धरणारं चक्र फिरायचं थांबतं.

व्हर्नाच्या हलक्या रिव्हॉल्व्हरसाठी भरलेल्या डब्यातलं एक काडतूस त्याने सहज उचललं आणि काठावरून नख फिरवलं. नखाला धारदार कड लागली. ओठ मुडपलेलाच नव्हता. भरायच्या यंत्रातला मुडपायचा साचा पिस्तुलाच्या काडतुसांसाठी वर चढवलेला होता, तो खाली घ्यायचाच राहिला होता. सगळा डबा तसाच.

वर येऊन त्याने हाका मारल्या. याच डब्यातून भरलेलं रिव्हॉल्व्हर खुंटीवर नव्हतं, बेरी वेचायची बादलीही नव्हती. व्हर्ना डोंगरावर गेली होती, आणि त्या उतारावर आठवडाभर एक अस्वलीण पिल्लं घेऊन हिंडत होती.

इथं आर्लोचा आवाज उतरला. गाडी कशी हाणली ते त्याला आठवत नव्हतं. रस्ता संपतो तिथं तो पोचला आणि वरून बार ऐकू आला. एकच. मग नुसतं इंजिन घरघरत राहिलं.

“दुसरा बार का होत नाही,” तो म्हणाला, “हे त्या अख्ख्या डोंगरात मला एकट्याला ठाऊक होतं.”

गिरणीतला जुना सोबती डेल हलक्या आवाजात म्हणाला, “मग रे?”

मग आर्लो सुटला. हरणासारखा चढ चढला म्हणे. अस्वलीण दोन पायांवर उभी, व्हर्ना अडकलेल्या चक्राशी झटतेय. त्याने रिव्हॉल्व्हर हिसकावलं, काडतुसं उपसली आणि एकेकाचा ओठ दातांनी मुडपला. अस्वलीण तोवर थांबली. “बघत होती. तिलाही हे काम नवीनच की.” शेवटच्या काडतुसाला दाढ गेली. ते खिंडार दाखवायला त्याने तोंड वासलं.

मागे काटा बशीत ठेवल्याचा आवाज झाला.

“आर्लो,” व्हर्ना म्हणाली, “चक्र अडकलं होतं, तेवढं खरं. पण ती एका बारातच पळाली. आणि तू गाडीतून उतरलाच नव्हतास. मी खाली आले तेव्हा स्टिअरिंग आवळून डोळे मिटून बसला होतास. एकेक बोट मी सोडवलं तुझं.”