चालीचा दुसरा भाग

रेकॉर्डचं बटण काही केल्या दाबलं जात नव्हतं. रेकॉर्ड आणि प्ले ही दोन्ही बटणं एकदम खाली ढकलायची असतात. मी ढकलत होते, आणि रेकॉर्डचं बटण ताठ उभं होतं. मी कॅसेट बाहेर काढून चष्म्याजवळ धरली. तिच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची जी इवलीशी पट्टी असते, ती कुणीतरी मुद्दाम मोडून टाकली होती. आतलं ध्वनिमुद्रण कुणाच्या हातून चुकूनही पुसलं जाऊ नये म्हणून असं करतात, हे मला पुरतं ठाऊक होतं. माझ्या गुरुजींच्या बैठकींच्या कॅसेटी होत्या, त्यांच्या पट्ट्या मीच मोडल्या होत्या.

स्वयंपाकघराच्या खणातून मी चिकटपट्टी आणली. बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून त्या खाचेवर बसवला आणि नखाने चांगला घासून पक्का केला. बटण मुकाट्याने खाली गेलं.

"चिरंजीव यमुनेस अनेक आशीर्वाद," मी माझ्या खणखणीत आवाजात सुरुवात केली. "आमचं इकडे सर्व क्षेम आहे."

यमुना ही माझी धाकटी बहीण, सांगलीला असते. पत्र लिहिताना माझा हात कापू लागल्यापासून मी तिला कॅसेटवर बोलून पाठवीत असे. तशी रीतच होती लंडनच्या आमच्या मराठी मंडळींत. कुणी भारतात निघालं, की त्याच्या सामानात चार घरच्या कॅसेटी जायच्या. वेम्बलीचे एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी निघणार होते. घरात कोरी कॅसेट शिल्लक नव्हती, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते खरंच होतं. कोपऱ्यावरचं दुकान उघडं होतं, हेही खरं होतं.

ती कॅसेट माझ्या सुनेची, सुहासिनीची होती. तिच्यावर एका आयरिश म्हाताऱ्याने पाव्यावर वाजवलेली एक संथ चाल होती. एकोणीसशे शहाऐंशीच्या ऑक्टोबरातली ही गोष्ट.

सुहासिनी लग्न होऊन कॉलिंडेलला आली तेव्हा बावीस वर्षांची होती. माझ्या गिरीशची बायको म्हणून मी तिला पारखून आणली होती. ती इथल्या एका इस्पितळाच्या कपडेखात्यात लागली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले धुऊन येत, त्यांच्या घड्या घालायच्या आणि वॉर्डावॉर्डात पोचवायच्या. ते काम तिने कुरकुर न करता केलं. घरचंही तसंच केलं. तिच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही, असं मी वर्षानुवर्षं अभिमानाने सांगत असे.

पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने आमच्या दिवाणखान्यात एक गाणं म्हटलं होतं. माझ्या मैत्रिणी मधुमती, वैजयंती, सगळ्या जमल्या होत्या. मी स्वतः अकरा वर्षं गुरुजींसमोर बसून गाणं शिकलेली. माझ्या मताला आमच्या वर्तुळात वजन होतं. गाणं संपल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सूर नाही गं तुला," मी म्हणाले. "ज्यांना येतं त्यांनी गावं. बाकीच्यांनी तिळगूळ वाटावा."

बायका हसल्या. सुहासिनीही हसली आणि तिने तिळगूळ वाटला. त्यानंतर चौदा वर्षं तिच्या तोंडून एक ओळ निघाली नाही. माझी नात शिल्पा झाली, तिलाही तिने थोपटून झोपवलं, गुणगुणून नव्हे. मी ते पाहत होते. मी त्याला समंजसपणा म्हणत होते.

मग तिच्या इस्पितळातल्या ब्रिडी नावाच्या एका नर्सने तिला क्रिकलवूडच्या वर्गाला नेलं.

"पावा शिकणार?" मी विचारलं. "गुराखी वाजवतात तो?"

"टिन व्हिसल म्हणतात आई त्याला. फक्त सहा भोकं असतात. दर बुधवारी, एकच तास."

"कुठे? दारूच्या गुत्त्यात?"

"चर्चच्या हॉलमध्ये. सहा जण आहोत आम्ही. चहा आणि बिस्किटं असतात."

"आणि स्वयंपाक?"

"करून जाईन."

ती खरोखरच करून जाई. कोशिंबीरसुद्धा झाकून ठेवलेली असे. मला बोट ठेवायला जागा उरत नसे, आणि त्याचाच मला अधिक राग येई.

शिकवणारे मिस्टर गॅलविन हे आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातले. तरुणपणी लंडनला येऊन त्यांनी भुयारी रेल्वेचे बोगदे खणले होते, आणि ती धूळ त्यांच्या छातीत बसली होती. ते कागदावर काही लिहून देत नसत. एक तुकडा स्वतः वाजवायचा, मग सहाही जणांनी तो वाजवायचा, मग एकेकाने. बरोबर आला, की पुढचा तुकडा. सुहासिनीने हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं, तेव्हा मी हसले. "लिहून न देता शिकवतात? ही कसली विद्या?" असं म्हणाले. माझे गुरुजी मला अगदी तसंच शिकवीत, अकरा वर्षांत त्यांनी मला एक अक्षर लिहू दिलं नाही, हे त्या क्षणी माझ्या मनात आलं होतं. मी ते बोलले नाही.

तिच्याजवळची ती चाल मिस्टर गॅलविन यांच्या आईची होती. चालीला नाव नव्हतं. त्यांच्या गावाबाहेर ती कुणी वाजवीत नसे, आणि गावातली वाजवणारी माणसं संपली होती. दम टिकेनासा झाला तेव्हा त्यांनी ती एका दुपारी कॅसेटवर उतरवली आणि सुहासिनीच्या हातात ठेवली. "ही तू शीक आणि मग या पाच जणांना दे," असं त्यांनी तिला सांगितलं. मुली, मास्तर, निवृत्त पोस्टमन असे सगळे तिथे असताना त्यांनी हिलाच का निवडलं, असं मी विचारलं.

"म्हणाले, यू लिसन," ती म्हणाली, आणि कान लाल होईपर्यंत लाजली.

चालीचे दोन भाग होते. तीन आठवड्यांत तिने पहिला भाग बसवला; तो बसेपर्यंत, वर्गाच्या रीतीप्रमाणे, पुढचं ती ऐकतही नसे. ती न्हाणीघरात दार लावून वाजवी, तरी घरभर ऐकू येई. आणि ती कामावर गेली, की मी तिची कॅसेट लावी. दोष काढायला म्हणून लावी. रोज दुपारी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोष सापडत नव्हता. त्या म्हाताऱ्याच्या फुंकरीत श्वासाची घरघर होती, पण सूर असा लागे, की माझ्या हातातलं वाटाणे सोलणं थांबे.

एका रविवारी जेवताना गिरीश सहज म्हणाला, "आई, तू मानणार नाहीस, पण सुहासिनीला सूर आहे बरं का. काल मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो."

"अहो, जेवा," ती म्हणाली.

"नाही, खरंच. चौदा वर्षं लपवलीस की तू हे!"

शिल्पा टाळ्या वाजवू लागली. मी पाण्याचा पेला उचलला आणि खाली ठेवला. माझा शब्द माझ्याच टेबलावर खोटा पडला होता, आणि तो खोटा आहे हे त्या तिघांच्या आधी मला कळलेलं होतं. सोमवारी दुपारी मी चिकटपट्टी कापली.

संध्याकाळी सुहासिनी आली, कोट न काढता तिने कॅसेट लावली. दुसऱ्या भागाला त्या दिवशी हात घालायचा होता तिला. यंत्रातून माझा आवाज आला. यमुनेच्या गुडघ्यांसाठी मी तिळाचं तेल सुचवीत होते.

तिने कॅसेट पुढे नेली. मी बोलतच होते. उलटी घातली. तिकडेही मीच.

"घरात कोरी नव्हती," मी म्हणाले. "माझ्या लक्षात आलं नाही."

तिने कॅसेट बाहेर काढून हातात धरली. तिचा अंगठा कडेवरून फिरत फिरत त्या खाचेशी आला आणि चिकटपट्टीवर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे तसं सरळ कधी पाहिलं नव्हतं. मी मान ताठ ठेवली. मला वाटलं, आता ही बोलेल. बोलली असती, तर मी तिला उत्तर दिलं असतं, आणि उत्तर देण्यात मला कुणी हरवलेलं नाही.

"पत्र छान झालंय आई," ती म्हणाली. "उद्या पाठवायचं ना?"

तिने कॅसेट डबीत घातली, डबीवर यमुनेचं नाव लिहिलं आणि कोट काढून कणीक मळायला घेतली.

मिस्टर गॅलविन त्याच आठवड्यात सुहासिनीच्याच इस्पितळात दाखल झाले. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. फुंकर मारणं तर सोडाच, दोन शब्दही जोडून निघत नव्हते. सुहासिनी रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या खाटेशी जाऊन बसे. चाल कुठवर आली, असं ते खुणेने विचारत, आणि ती "जवळजवळ झाली" असं सांगे. हे मला ब्रिडीकडून कळलं, आणि तेही नंतर. तिने घरी काहीच सांगितलं नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते गेले.

त्यांच्या नावाने रविवारी दुपारी हॉलमध्ये सगळे जमणार होते. "मी येते," असं मी म्हटलं. सुहासिनीने "बरं" म्हटलं. का गेले मी? पाहायला गेले, की किती नुकसान झालं आहे. मनात होतं, चाली काय, शंभर असतील त्या लोकांच्या.

हॉल लहान होता. किटलीतून वाफ येत होती आणि पंधरावीस माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. ब्रिडीने माझे दोन्ही हात धरले. "यू मस्ट बी द मदर-इन-लॉ! यू मस्ट बी सो प्राउड ऑफ हर." मी मान हलवली. मला मानाची खुर्ची दिली, सर्वांत पुढची.

शंभर चाली होत्याच. त्यांनी त्या वाजवल्या, काही जण हसले, काही रडले. मग ब्रिडी म्हणाली, "आता त्यांच्या आईची चाल. सुहासिनी, टेप आणलीस ना, लव्ह? आधी त्यांनाच ऐकू या."

सुहासिनी उठून उभी राहिली. मी माझ्या पर्सचा पट्टा धरला.

"आय ॲम सॉरी," ती म्हणाली. "टेप नाही. इट वॉज मी. माझ्याच हातून चुकून पुसली गेली."

 किटली तेवढी वाजत होती. निवृत्त पोस्टमनने टोपी गुडघ्यावर उलटी करून ठेवली. "अरे देवा," एवढंच ब्रिडी म्हणाली, तिच्या भाषेत, आणि लगेच तिने सुहासिनीच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली सुनेची पाठ वाकली नाही.

"पहिला भाग येतो मला," ती म्हणाली, आणि तिने वाजवला. स्वच्छ, हळू, एकही सूर न घासता. भाग संपला तिथे ती थांबली. चाल अर्ध्यावर उभी राहिली, आणि सगळी माणसं पुढचं येईल म्हणून क्षणभर तशीच बसून राहिली.

मला पुढचं येत होतं. त्या खोलीत, किंबहुना या जगात, ते फक्त मला येत होतं. तीन आठवडे रोज दुपारी ऐकलेलं, अकरा वर्षांच्या शिक्षणाने तयार झालेल्या कानांनी टिपलेलं. मला फक्त उभं राहून आकारात गायचं होतं. पण गायले असते, तर ब्रिडीने विचारलं असतं, तुम्हाला कसं ठाऊक? आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. मी पुढच्या खुर्चीवर बसून राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

परतीच्या बसमध्ये आम्ही खालच्या मजल्यावरच बसलो, ती खिडकीशी. अंधारून येत होतं. एजवेअर रोडची दुकानं एकेक करून मागे जात होती आणि ती त्यांच्याकडे पाहत होती. कुणी आपला दोष स्वतःच्या डोक्यावर घ्यावा आणि वर आपल्याला हात धरून बसच्या पायरीवर चढवावं, हे मला या वयात शिकायचं होतं.

"सुहासिनी," मी म्हणाले. पुढचे शब्द मी आयुष्यात कुणाला म्हटलेले नव्हते, आणि ते आलेही नाहीत. म्हणून मी गायले. अगदी हलक्या आवाजात, दुसऱ्या भागाच्या पहिल्या सुरापासून.

पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं. मी थांबले नाही. सुहासिनी हलली नाही. मधे एका जागी मी अडले. चारपाच सूर होते तिथे, ते माझ्या स्मरणातून निसटले होते. मी ती जागा सोडून पुढे गेले आणि शेवटपर्यंत पोचले.

आमचा स्टॉप आला. दार उघडलं. ती उठली नाही. दार मिटलं आणि बस पुढे निघाली.

"पुन्हा," ती म्हणाली.

आमच्या घरात मला कुणी असा हुकूम कधी केला नव्हता. मी पुन्हा गायले. तिने डोळे मिटले होते आणि हातांची बोटं मांडीवरच्या पर्सवर ठेवली होती, पाव्यावर ठेवतात तशी. माझ्या सुरांमागून ती बोटं हलू लागली. एकदा, दोनदा, तीनदा. बर्न्ट ओकचा स्टॉपही मागे गेला. एजवेअरला बस संपते, तिथवर आम्हाला जायचं आहे, हे आता दोघींनाही कळलं होतं.

त्या विसरलेल्या जागी मी दर वेळी थांबत होते. तिथे घालण्याजोगे सूर माझ्याजवळ भरपूर होते. कुठलेही बसले असते आणि कुणाला कळलंही नसतं. मी घातले नाहीत. तेवढ्या वेळापुरती मी गप्प राही, आणि सुहासिनीची सहाही बोटं वर उचललेली, कशावरही न टेकता, तशीच थांबून राहत.