नादसिद्ध ट्यूब आणि शेषरावांचा उजवा कान

अमरावतीच्या त्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर तीन अ‍ॅम्प्लिफायर मांडलेले. पहिला साधा ट्रान्झिस्टरचा, दुसरा लहान ट्यूबचा आणि तिसरा ‘नादसिद्ध’. त्याच्या काळ्या पेटीवर जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या मोठमोठ्या ट्यूब, आत निखाऱ्यासारखी लाल तार. मागे रेशमी कुर्त्यातला नादाचार्य स्वप्निल.

“ट्रान्झिस्टर आवाजाचे तुकडे करतो. ट्यूब आवाजाला श्वास देते! हा श्वास कानात शिरला की झोपलेली नस जागी होते!”

आवाज श्वास कसा घेतो, हे कुणी विचारलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रांगेत शेषराव होते. जयंतीच्या कार्यक्रमांत उभी हयात गायलेला माणूस. चार दिवसांपूर्वी सकाळी उठले तर उजवा कान बंद. स्वप्निलनं त्यांना वर बोलावलं, डाव्या कानात बोट घालायला लावलं आणि तिन्ही पेट्यांवर एकच बासरी वाजवली. पहिलीवर काहीच नाही. दुसरीवर थोडंसं. तिसरीवर खुर्च्या थरथरल्या.

“ऐकू येऊन राह्यलं! माह्या उजव्या कानात ऐकू येऊन राह्यलं!” शेषराव रडायला लागले. हॉलही रडला. तशीच एक पेटी विकत घेऊन ते घरी आले. रोज सकाळ-संध्याकाळ ते तिच्यासमोर बसू लागले.

त्यांची मुलगी नीलम अकोल्यात कानाची डॉक्टर. तिला त्यांनी फोनवर काहीच सांगितलं नाही. ती घरी आली, उजव्या बाजूनं हाक मारली. ते वळले नाहीत.

“बाबा, कधीपासून?”

“झाला असन दीड महिना. तू गोळ्या-सुया देशीन, अन् गुरुजी म्हंते औषधानं नस मरते.”

नीलमनं तपासणी केली. उजवा कान पूर्ण गेला होता. असा कान एकाएकी जातो तेव्हा पहिल्या काही दिवसांतच औषध द्यावं लागतं. पुष्कळदा ऐकणं परत येतं. ते दिवस बासरी ऐकण्यात गेले होते.

पुढचा कार्यक्रम अकोल्यात होता. नीलम वडिलांना घेऊन गेली आणि गर्दीतून उभी राहिली.

“आधी तिन्ही पेट्यांचा आवाज सारखा करा. मोजायचं यंत्र मी आणलं आहे.”

“ताई, नाद मोजत नसतात. अनुभवतात!”

“खाली बसा ना बाई!” मागून कुणी ओरडलं.

ती बसली नाही. स्टेजवर गेली, नादसिद्धचं बटण बंद केलं, ओढणीनं धरून गरम ट्यूब एकेक उपसल्या आणि बटण पुन्हा सुरू केलं.

बासरी वाजू लागली. तशीच. खुर्च्या तशाच थरथरल्या.

“या फक्त दिवे आहेत,” ती म्हणाली. “आवाज खालच्या ट्रान्झिस्टरच्या सर्किटमधून येतोय. खऱ्या ट्यूबचे अ‍ॅम्प्लिफायर असतात, त्यांचा आवाज आवडणारेही असतात. पण आवड म्हणजे औषध नव्हे.” मग तिनं साध्या पेटीचा आवाज तेवढाच वाढवला. “बाबा, बोट घाला.”

शेषरावांनी बोट घातलं. “येऊन राह्यलं ऐकू.”

“हे डाव्याच कानानं ऐकताय. बोटानं कान पुरता बंद होत नाही. आवाज वाढवला की आरपार जातो. हाच यांचा चमत्कार.”

“या बाईंच्या लहरी दूषित आहेत!” स्वप्निल ओरडला. काहींनी मानाही डोलावल्या.

तेवढ्यात दुर्गाबाई नावाची एक म्हातारी उठली. “मंग माह्या नातीचं कसं, डॉक्टरीणबाई? हा म्हने मशीनीनं कान आळशी होते. म्या तिची ऐकाची मशीन संदुकीत टाकली. पोरगी बोलाचीच बंद झाली.”

त्यानंतर कुणी मान डोलावली नाही. स्वप्निल मागच्या दारानं निघून गेला. त्याच्यावर तक्रार झाली आहे. म्हणे आता तो चांदूर रेल्वेकडे कार्यक्रम करतो.

नातीला मशीन पुन्हा लागलं. शेषरावांचा कान मात्र आला नाही. ते गातात, पण हार्मोनियम कुठल्या बाजूला आहे, हे आता त्यांना बघावं लागतं.

एकाएकी ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि कुणी दोन आवाजांतला चमत्कार दाखवू लागला, तर त्याला म्हणा: दोन्ही आवाज सारखे कर, आमचे डोळे बांध, मग दाखव. जो नाही म्हणेल, त्याच्यासमोरून उठून जा. टाळ्या वाजवायला थांबू नका.