आठशेतला एक खरा

दुकानाबाहेरची रांग पार कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत गेली होती. प्रत्येकाच्या हातात एकेक सिनेमाची चकती, म्हणजे डीव्हीडी. कुणी रुमालात गुंडाळून आणलेली, कुणी छातीशी धरलेली. आत गादीवर आकडेबाबा बसले होते. समोरच्याने चकती पुढे केली, की बाबा डोळे मिटत, तिच्यावर तळवा ठेवत आणि क्षणभर थांबून म्हणत, "तीनशे बारा."

माणूस घरी पळत जाई, संगणकावर तीनशे बारा नंबरची फीत उतरवून घेई, आणि खरंच, सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत अगदी सरळ!

आता यात चमत्कार कसला, असं कुणी विचारेल. तर गोष्ट अशी होती. जुन्या चकत्यांना बुरशीसारखे डाग पडू लागले होते, म्हणून जो तो आपला संग्रह संगणकावर उतरवून ठेवायच्या मागे लागला होता. पण चकती संगणकात घातली की एका सिनेमाच्या जागी आठशे फिती, म्हणजे आठशे व्हिडिओ, दिसत. सगळ्या एकाच लांबीच्या, एक तास बावन्न मिनिटांच्या. सहज नक्कल करता येऊ नये म्हणून कंपनीने केलेली ही करामत. सिनेमाचे तुकडे तेच, पण सातशे नव्याण्णव फितींत त्यांचा क्रम उलटापालटा. चुकीची फीत उतरवली, तर आधी बारसं आणि मग लग्न!

बाबा पूर्वी याच दुकानात चकत्या भाड्याने देत. धंदा बसला, आणि वर्षभरात त्यांना दिव्यदृष्टी आली.

"असत्याला आठशे तोंडं असतात, बाळांनो," बाबा सांगत. "सत्याला एकच. यंत्राला आकडे दिसतात, मला अर्थ दिसतो!" अर्थ म्हणजे काय, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. आकडा मिळाला की झालं.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईही त्या रांगेत चार वेळा उभ्या राहिल्या होत्या. वाचनालयाच्या पंचेचाळीस चकत्यांचे आकडे बाबांनी दिले, आणि एकही चुकला नाही. बाईंना ते खटकत होतं, पण काम होत होतं. घरी त्यांनी कौतुकाने सांगितलंही होतं, "माणूस काहीही असो, आकडा मात्र अचूक देतो."

हे कौतुक त्यांना महागात पडलं.

बाईंचा थोरला भाऊ शिंपी. त्याच्या गळ्याजवळ गाठ आली होती आणि डॉक्टरांनी सोमवारी शस्त्रक्रिया ठरवली होती. गुरुवारी बाई त्याच्याकडे गेल्या, तर तो मशीनवर निवांत काज करत बसलेला.

"दादा, पिशवी भरलीस का?"

"सोमवार रद्द. बाबांनी फायलीवर हात ठेवला. म्हणाले, डॉक्टरांनी दाखवलेला मार्ग खोटा. खरा मार्ग एकवीस दिवसांनी दिसेल."

"फाइल वाचली त्यांनी?"

"वाचायची काय गरज? हात ठेवला ना."

"तू गिऱ्हाइकाचं माप न घेता कापड कापतोस का रे?"

"ते वेगळं." दादाने मशीन थांबवलं. "आणि तूच नाही का म्हणालीस, पंचेचाळीसपैकी पंचेचाळीस खरे? जो आठशेतला एक ओळखतो, त्याला दोनातला एक कळणार नाही?"

वहिनी दाराआड उभ्या राहून डोळे पुसत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "वन्सं, तुमच्याच शब्दावर गेले हो ते."

बाई घरी परतल्या त्या स्वतःवरच चिडून. आपण काय पाहिलं होतं, आणि काय नुसतं धरून चाललो होतो? त्या आठवू लागल्या. गाजलेल्या सिनेमांचे आकडे बाबांनी तिथल्या तिथे सांगितले होते. पण कुणाच्या ऐकिवात नसलेल्या सिनेमाची चकती दिली की म्हणत, "ही अजून बोलत नाही. दोन दिवस माझ्याजवळ राहू द्या." सत्याला प्रसिद्धीची एवढी ओढ का असावी?

शुक्रवारी त्यांनी तसाच एक अनोळखी सिनेमा पाकिटात घालून, पाकिटाला लाखेचा शिक्का मारून नेला. बाबांनी पाकीट चाचपलं आणि परत केलं. "चकतीचा श्वास कोंडलाय. उघडी करून आणा."

"तळव्याला कागद आडवा येतो, बाबा? मग माझ्या भावाच्या फायलीला तर पुठ्ठा होता."

"संशय हा रोग आहे, बाई."

"तपासून घेईन," म्हणत त्या उठल्या.

वाचनालयात टीव्हीला जोडलेलं एक साधं चकतीयंत्र होतं. बाईंनी चकती त्यात घातली आणि सिनेमा चालू केला. तो बिनचूक सुरू झाला. अर्थातच! ज्याने चकती विकत घेतली त्याला सिनेमा नीट दिसायलाच हवा. मग या यंत्राला आठशेतली खरी फीत कोण सांगतं? चकतीच सांगते! बाईंनी रिमोट उचलला आणि माहितीचं बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उमटला, सहाशे चार. संगणकावर त्यांनी सहाशे चार नंबरची फीत लावली. पहिल्या प्रसंगापासून शेवटपर्यंत सगळं सरळ.

त्या हसल्या नाहीत. दादाला हे नुसतं सांगून पटणार नव्हतं. त्यांनी कपाटं उपसली आणि एका गाजलेल्या सिनेमाच्या दोन चकत्या काढल्या. वेष्टन सारखंच, पण एक जुन्या छपाईची, दुसरी नव्या छपाईची, बाबांकडे कधीच न नेलेली. यंत्रात घालून पाहिलं, तर दोन्हींचे आकडे वेगळे.

रविवारी सकाळी सभागृहात बाबांचं दर्शन होतं. दादा पहिल्या रांगेत बसला होता. बाईंनी व्यासपीठावर जाऊन नव्या छपाईची चकती पुढे केली. बाबांनी वेष्टनावर ओझरती नजर टाकली, डोळे मिटले आणि तळवा ठेवला.

"एकशे सदतीस!"

टाळ्या पडल्या. बाईंनी चकती आपल्या संगणकात घातली, एकशे सदतीस आकडा टाकला आणि चित्र मोठ्या पडद्यावर सोडलं. वीस मिनिटं सगळं ठीक चाललं. मग नायकाच्या वडिलांना अग्नी दिला, आणि लगेच पुढच्या दृश्यात तेच वडील पेपर वाचत, चहात साखर कमी म्हणून ओरडू लागले. सभागृहात खसखस पिकली.

"आज चकतीवर छाया आहे," बाबा पुटपुटले.

"छाया नाही, नवी छपाई आहे," बाई म्हणाल्या. "एकशे सदतीस हा जुनीचा आकडा. बाबांना तो पाठ आहे. गाजलेल्या सिनेमांचे आकडे त्यांनी घोकलेत. बाकीच्या चकत्या ते दोन दिवस ठेवून का घेतात, ते आता बघा."

त्यांनी साधं यंत्र पडद्याला जोडलं, तीच चकती घातली आणि समोर बसलेल्या शाळकरी मुलीच्या हातात रिमोट दिला. मुलीने बटण दाबलं. कोपऱ्यात आकडा आला, चारशे नव्वद.

"ही मुलगीही बाबा झाली!" मागून कुणीतरी ओरडलं.

दुकानाच्या आतल्या खोलीत असंच यंत्र असल्याचं, बाबांच्या दिमतीला उभ्या असलेल्या त्यांच्या मेहुण्याने तिथेच कबूल केलं. बाबा मागच्या दाराने निघून गेले.

दादा मात्र जागचा हलला नाही. "लाज वाटते गं," एवढंच म्हणाला.

"मलाही. पंचेचाळीस आकडे मीच तुझ्या कानावर घातले. ऊठ, वहिनी पिशवी भरून बसल्यात."

शस्त्रक्रिया सोमवारी झाली. गाठ श्वासनलिकेवर दाब देऊ लागली होती. एकवीस दिवस थांबला असतात तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

पुढे महिनाभराने एक म्हातारे सभासद वाचनालयात पुस्तक बदलायला आले आणि कुरकुरले, "काही म्हणा बाई, त्या रविवारपर्यंत त्यांचा एक आकडा चुकला नव्हता. आमचे सिनेमे तर नीट उतरले!"

बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "आकडे खरेच होते, आजोबा. मी कुठे नाही म्हणते? पण उत्तर बरोबर आलं म्हणून ते दिव्यदृष्टीने आलं, असं होत नाही. कुणी खरं सांगितलं तर अवश्य घ्या, पण त्याला हे कसं कळलं, तेही विचारा. ज्याला खरंच माहीत असतं, तो रीत दाखवतो. जो रीत लपवतो, त्याच्या हातात चकतीसुद्धा देऊ नका, मग आपल्या माणसाचा जीव तर दूरच राहिला."