उस्तादाच्या पोटिसातली कोंबडी

मी जे सांगणार आहे ते कुणालाही पटणार नाही. पटलं तर उलट मलाच कमीपणा. जन्मभर थापा मारून कमावलेलं नाव एका खऱ्या गोष्टीपायी जायचं. पण आमच्या उकायाली नदीत जेवढा गाळ, तेवढं या गोष्टीत खरं आहे. आणि नदीत गाळ किती, ते तिच्यात कपडे धुणाऱ्या बाईला विचारा.

त्या दिवशी सभेच्या छपराखाली अख्खं गाव लोटलं होतं. छपराच्या वाशांवर माकडांनी बसावं तशी पोरं लटकली होती. मध्ये चटईवर माझी लेक सोई. नदी उतरली की शेपटीत विषारी काटा असलेला पाकट मासा काठच्या गाळात दबून बसतो. तसल्याच एकाचा काटा तिच्या पायात घुसला होता आणि पाय भोपळ्यासारखा सुजला होता. आणि तिच्या उशाशी उस्ताद एवारिस्तो! नदीच्या वरच्या अंगाकडून कुठूनसा उगवलेला. डोक्यावर गवती टोपी, तोंडात सोन्याचा दात, हातात खुळखुळा.

"औषध मी देत नाही, मायबाप!" उस्ताद गरजला. "मी कोण? मी नुसता पोकळ बांबू! झाडांचे आत्मे माझ्यातून फुंकर घालतात!"

"बांबूला सोन्याचा दात कधी फुटला?" मी विचारलं.

"तुम्ही गप्प बसा हो," माझी बायको मेत्सा दातओठ खात म्हणाली.

उस्तादानं लाल सालीचा ओला लगदा पोरीच्या पायावर थापला, झोळीतून पांढरंशुभ्र फडकं काढून वर आवळलं, खुळखुळा वाजवला, नाकातल्या नाकात गुणगुणला. मग एकदम ओरडला, "आता बघा, दुखण्याला बोलतं करतो!" आणि फडकं सोडलं.

फडक्यावर नक्षी उठली होती. काळीभोर, कोनाकोनांची, नागमोडी.

गावाचा श्वासच अडकला. का अडकणार नाही? आम्ही शिपिबो माणसं. आजार म्हणजे देहावरची विस्कटलेली नक्षी, वैद्य गाणं गातो तेव्हा तीच नीट बसवतो, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलो. दुसऱ्या गावी फडक्यावर साप उठला असता तर लोक हसले असते. आमच्याकडे नक्षी उठली आणि शहाणीसुरती माणसं गुडघ्यावर आली. ठगानं आमचं कुलूप बघूनच किल्ली घडवली होती.

"ही नक्षी ज्या हाताची, करणी त्याच हाताची!" उस्ताद म्हणाला. "ओळखा!"

ओळखायला कितीसा वेळ? आमच्याकडे बाईची नक्षी तिच्या चालीसारखी असते, लांबूनही कळते. बायकांच्या माना एकदमच वळल्या. त्या वळल्या माझ्या थोरल्या बहिणीकडे, रेशिनताईकडे.

आता ही रेशिनताई कोण? गावातल्या निम्म्या लोकांच्या जखमा तिच्या पाल्याच्या पोटिसानं बऱ्या झालेल्या. सोईला काटा लागला तेव्हा सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय धरून तिनंच तिची कळ थांबवली, जखम धुतली, पोटीस बांधलं. आणि म्हणाली होती, "पाल्यानं सूज उतरेल. पण काट्याचा तुकडा आत राहिलाय, तो माझ्या पाल्याला काढता यायचा नाही. पोरीला होडीत घाला, आरोग्य केंद्रात न्या." नेमकं तेव्हाच उस्ताद गावात उतरला आणि म्हणाला, "सुई टोचलीत तर आत्मा कोपेल. पाय धुवायचाही नाही!"

"खोटं!" मी ओरडलो.

सगळे हसले. गावप्रमुख म्हणाला, "निवे, तुझ्या तोंडी तो शब्द शोभत नाही रे. गेल्याच महिन्यात तू मगरीच्या पाठीवर बसून सासुरवाडीला गेला होतास ना?"

तीच तर अडचण. लबाडानं लबाडाला ओळखलं तरी साक्षीला कोण धरणार? एका, फक्त एका भल्या माणसानं तो शब्द उच्चारला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. कुणी उच्चारला नाही. सूर्य कलायच्या आत ताईच्या घराचं छप्पर उतरवलं आणि तिला पलीकडच्या तीरावर हाकललं. जिनं त्यांची बाळंतपणं केली, तिला! मी त्या प्रत्येकाचा चेहरा लक्षात ठेवला. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सोईचा पाय निळा पडला. लगद्याखालून वास येऊ लागला. मी होडी सोडायला गेलो तर वल्हं गायब.

"वल्हं मी लपवलंय," मेत्सा रडत म्हणाली. "उस्ताद म्हणतात, नदी ओलांडली तर पोर मरेल. तुमची एक थाप खपवून घेतली असती, पण माझी लेक पणाला नाही लावायची."

पोरीचा पाय वाचवायचा तर आधी मेत्साच्या डोक्यातला उस्ताद काढायला हवा होता. मी नक्षीचं फडकं कमरेला खोचलं आणि शेजाऱ्याच्या होडीतून पलीकडे गेलो.

ताई चुलीपाशी बसली होती. फडकं तिनं उजेडात धरलं आणि बघता बघता हसत सुटली.

"हसतेस काय, ताई?"

"अरे, रेघ माझीच आहे. आणि ही बघ, इथं तीन बोटांची खूण. मी नेसणं रंगवत होते, चिखल ओला होता, आणि शेजारची कोंबडी वरून चालत गेली. मी तिच्या पंजाचीच नक्षी करून टाकली. ते नेसणं कुणी घेतलं माहितेय? याच सोनेरी दातानं, आल्याच दिवशी."

"म्हणजे..."

"म्हणजे माझी करणी पोरीच्या पायातून उमटली, हे एक वेळ मानू. पण कोंबडी पोरीच्या पायात कधी शिरली?"

मग तिनं फडकं नाकाशी धरलं. "आंबलेल्या मासातोचा वास येतोय. आणि लोखंडाचा." मासातो म्हणजे युका नावाच्या कंदाचं आमचं आंबवण, शिळं झालं की दात आंबतात. ताईनं सालीच्या काढ्यात बुडवलेलं एक कापड घेतलं आणि त्यावर गंजका कोयता ओला करून टेकवला. कापड तिथं काळं पडलं. आमच्या बायका अशीच नक्षी करतात: कापड सालीच्या पाण्यात रंगवायचं, वर नदीतला काळा चिखल रेखायचा. चिखलात लोखंड असतं म्हणून रेघ काळी होते. पण त्यांच्या लेखी काळा रंग चिखलातून येतो. बाटलीतून येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"चिखल जे करतो तेच गंज करतो," ताई म्हणाली. "गंजाच्या पाण्यानं आधीच काढून ठेवायचं, साल लागली की उमटतं. तू आता जा. पण एक ऐक. त्याला मारू नकोस. त्याला बांध."

"कशानं?"

"पोटिसानं."

उस्ताद दुपारी नदीवर अंघोळीला जायचा आणि टोपी काठावर काढून तासभर डुंबायचा. तेवढ्यात मी त्याच्या खोपटात शिरलो. झोळीत फडक्यांची चळत होती, आणि एक बाटली. आंबलेल्या मासातोची निवळी, तळाशी गंजके खिळे. निवळी पाण्यासारखी, बिनरंगाची. मी वरच्या फडक्यावर त्याच बाटलीतल्या पाण्यात काडी बुडवून माझी कला दाखवली. वाळलं तेव्हा दिसायला फडकं कोरंच. मी चळत होती तशी ठेवली, बाटली मात्र कमरेला लावली, आणि कण्हत कण्हत सभेच्या छपराकडे निघालो.

"मेलो! पोटात करणी झाली! उस्ताद, वाचवा!"

गाव पुन्हा जमलं. उस्तादाचा दात चमकला. गावातला एकुलता एक संशयी आपणहून पायाशी लोळतोय, आणखी काय हवं?

"थापाड्या, आता कळलं?" तो म्हणाला.

"कळलं, उस्ताद. फक्त माझा वैरी कोण ते दाखवा."

"नक्षी सांगेल! नक्षी खोटं बोलत नाही!"

"नक्की?"

"नक्षी खोटी ठरली तर माझं तोंड काळं करा!"

हे वाक्य मी त्याच्या तोंडी घातलेलं नाही हो. ते त्याच्याच सोन्याच्या दातामागून आलं. लगदा थापला, फडकं आवळलं, खुळखुळा वाजला, फडकं सुटलं.

फडक्यावर गवती टोपी उठली होती. टोपीखाली नाक, नाकाखाली हसरं तोंड, तोंडात एकच मोठा दात.

आधी वाशांवरची पोरं हसली. मग बायका. मेत्सा हसली नाही. ती उठून पुढे आली. मी बाटली तिच्या हातात दिली, पहिल्या फडक्यावरची ताईची कोंबडी दाखवली. तिनं बाटलीतलं पाणी उरलेल्या लगद्यावर ओतलं. लगदा काळाठिक्कर पडला. मेत्सा नदीच्या दिशेनं धावली. परत आली ती वल्हं घेऊन.

"पोरीला उचला," एवढंच म्हणाली.

केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी काटा काढला. पाय वाचला. दोन बोटं गेली. ती दोन बोटं मी उस्तादाला माफ केलेली नाहीत, आणि करणारही नाही.

आम्ही परत येईपर्यंत त्याला छपराच्या खांबाला बांधून ठेवलं होतं. गावप्रमुख म्हणाला, मुंग्यांच्या झाडाला बांधू. ताईला मानानं परत आणलं होतं; ती म्हणाली, "मुंग्यांनी काय पाप केलंय? याचा शब्द यानं दिलाय, तोच पाळू." मग ज्या बायकांनी तिचं छप्पर उतरवलं होतं, त्यांच्याच हाती तिनं काडी दिली. त्याच्या गालांवर, कपाळावर सालीचं पोटीस बांधलं, मग ते सोडून कातडीवर त्याच्याच बाटलीतल्या पाण्यानं नक्षी काढली. कोंबडीच्या पंजासकट. इतकी सुबक नक्षी आमच्या गावात पुन्हा झाली नाही. पुढे नदीच्या खालच्या अंगाच्या प्रत्येक धक्क्यावर लोक त्याला बघून विचारत, "काय उस्ताद, दुखणं बोलतं झालं वाटतं?"

म्हणून सांगतो. पाला खोटा नाही. पाल्यानं सूज उतरते, कळ थांबते, आणि पाल्याला जमत नाही ते ताईसारखं माणूस सरळ सांगतं. पण पाला कधी वैऱ्याचं नाव सांगत नाही. जखमेवर हात ठेवणारा शेजाऱ्याकडे बोट दाखवू लागला, की त्याची झोळी उलटी करा. फडकं बांधण्याआधी बघा, ओलं करून बघा. आत्मा खरा असेल तर त्याला तपासणीची लाज वाटणार नाही.

आणि पुढचं ऐका. गावानं त्याला सोडलं तसा तो तोंड धुवायला नदीत शिरला. घास घास घासलं. ती नक्षी नदीत उतरली, आणि त्या हंगामात आम्ही जाळ्यात धरला तो प्रत्येक मासा अंगावर रेशिनताईची नक्षी घेऊन आला, प्रत्येकाच्या शेपटीवर कोंबडीचा पंजा...

"बाबा," जाळं विणता विणता सोई म्हणाली, मान वर न करता, "त्या माशांना साल कुणी फासली होती? सालीशिवाय काळं होत नाही. खोटं!"