छपरावरचे बुडबुडे

असं समजा, मुलांनो, की तुमच्या घराला चाकं आहेत. चूल, पलंग, न्हाणीघर, खेळण्यांची पेटी, सगळं त्या घरात आणि ते घर एका दणकट गाडीच्या मागे जोडलेलं. आज या गावात, तर काही दिवसांनी पुढच्या. समजलात? आता असं समजा, की त्या घरावर लिंबाएवढ्या गारा पडल्या.

लीटाचं घर असंच होतं. तिच्या घरची माणसं दुसऱ्यांच्या शेतातला गहू कापून द्यायची. अमेरिकेच्या त्या सपाट मुलखात गहू आधी दक्षिणेला पिकतो, मग हळूहळू उत्तरेला. त्याच्या मागोमाग ही मंडळी टेक्सासपासून पार कॅनडाच्या सीमेपर्यंत कापत जायची. बाबा आणि एल्रॉय आजोबा हार्वेस्टर चालवायचे. आई धान्याचा ट्रक चालवायची आणि संध्याकाळचं जेवण शेतावर घेऊन जायची. लीटा नऊ वर्षांची. शाळेला सुट्टी लागली की तीही यांच्याबरोबर. तिचा वर्षातला सगळ्यात आवडता काळ हाच.

कॅन्ससमधल्या मुक्कामात एका दुपारी पश्चिमेचं आभाळ हिरवट काळं झालं. अशा आभाळाला तिथे सगळेच घाबरतात. आजोबा शेतातूनच ओरडले, "यंत्रं आत घ्या! आधी यंत्रं!" दोन्ही हार्वेस्टर शेतकऱ्याच्या शेडमध्ये गेले, ट्रकही गेला. ताडपत्र्या, डिझेलची पिंपं, हत्यारांची पेटी, काही म्हणजे काही बाहेर राहिलं नाही.

राहिली ती फक्त दोन घरं, लीटाचं आणि त्याच्या शेजारचं आजोबांचं छोटं. ती गावाजवळच्या मैदानात उघड्यावर उभी होती.

त्या वेळी आई घरातच सँडविच बांधत होती. पहिली गार छपरावर आपटली तशी तिने लीटाचा हात धरला आणि मैदानातल्या सिमेंटच्या न्हाणीघराकडे धूम ठोकली. मग जो आवाज सुरू झाला! जणू कुणी पत्र्यावर दगडांची गाडी रिकामी करतंय. थोड्या वेळाने तो एकदम थांबला.

बाबा आणि आजोबा धावतपळत आले, तेव्हा मैदान पांढरंफटक होतं आणि त्यांच्या चाकांच्या घराची, म्हणजे ट्रेलरची, एक बाजू आप्पेपात्रासारखी दिसत होती.

"कुणाला लागलं नाही ना?" बाबांनी आधी तेच विचारलं.

"आम्ही ठीक आहोत," आई म्हणाली. "तिकडे किती पडल्या?"

आजोबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. गारा एका अरुंद पट्ट्यातच पडतात, शेजारी एकही नाही, हे त्यांना जन्मभर माहीत होतं. "तिकडे? अं... एकही नाही."

"वा, एल्रॉय! म्हणजे जिथे गार नाही तिथे हार्वेस्टर छपराखाली आणि जिथे गारा तिथे आम्ही उघड्यावर."

"अगं, पण गहू तर वाचला!"

"वाचला ना? मग रात्री त्याचंच पांघरूण घ्या."

बाबा हसले, पण आई हसली नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी अशाच एका छपरातून पाणी झिरपलं होतं. भिंतीच्या आत बुरशी धरली आणि लीटा महिनाभर खोकत राहिली. आई तो महिना विसरली नव्हती.

"डेरिल, खळग्यांचं मला काही नाही," ती बाबांना म्हणाली. "पण छप्पर बिनभरवशाचं असेल, तर लीटा आणि मी परत आपल्या पक्क्या घरी जाणार. तुम्ही दोघं जा उत्तरेला."

म्हणजे लीटाचा उन्हाळा इथेच संपणार.

सकाळी बाबांनी तपासणी सुरू केली. छपरावरच्या हवेच्या झरोक्यांची दोन झाकणं फुटली होती, ती त्यांनी शिडीवरूनच प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून बंद केली. बारीक चीर मात्र डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा हार्वेस्टरवरचा भुसा उडवायचा ब्लोअर त्यांनी एका खिडकीत बसवला आणि बाजूच्या फटी पुठ्ठ्याने बुजवल्या. बाकीची खिडक्या-दारं घट्ट लावली.

"आता घर फुग्यासारखं आतून फुगणार," बाबांनी लीटाला समजावलं. "छपरावर साबणाचं पाणी पसरायचं. चीर असेल तिथून हवा बाहेर येणार आणि मग?"

"बुडबुडे!"

"शाब्बास. पण मी वर गेलो तर छपरासकट खाली येईन."

"खरं आहे," आजोबा म्हणाले. "तुझ्यापुढे गारा परवडल्या."

म्हणून लीटा चढली. कमरेला दोरी, दोरीचं टोक बाबांच्या हातात आणि गुडघ्यांखाली लाकडी फळी. ती स्पंजाने पाणी पसरायची, थांबायची, वाकून बघायची. पुढचा भाग कोरा, एकही बुडबुडा नाही. मधला भाग कोरा. तिला हायसं वाटायला लागलं.

मागच्या कोपऱ्यात, जिथे छप्पर भिंतीला मिळतं तिथे, एक बुडबुडा वर आला. मग त्याच्या शेजारी दुसरा. इवलेसे, मोहरीएवढे.

लीटाने पटकन त्यांच्यावर तळहात ठेवला. खाली तिघंही माना वर करून उभे होते. कुणालाच काही दिसलं नव्हतं. हाताखाली थंडगार हवा मात्र लागत होती, गप्प बसायला तयारच नव्हती.

"काय गं?" आईने विचारलं.

लीटाने हात उचलला. "इथे आहेत," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "आई, दोनच आहेत, पण आहेत."

आईने ब्लोअर बंद केला आणि ती आत गेली. त्या कोपऱ्याखालचं छत तिने आतून दाबून पाहिलं, भिंत चाचपली, कपाट रिकामं करून आत नाक घालून वास घेतला.

"कोरडं आहे," आतून आवाज आला. "ठणठणीत कोरडं!"

त्या कोपऱ्यात फुटलेलं काही नव्हतं, फक्त सांध्यातला जुना चिकट मसाला तडकला होता. बाबांनी शिडीवरून तो खरवडला, नवा भरला आणि वर रुंद पट्टी दाबून बसवली. तो वाळल्यावर लीटा पुन्हा चढली. पुन्हा साबण, पुन्हा ब्लोअर. या वेळी शेवटच्या थेंबापर्यंत पाणी गुळगुळीत राहिलं.

"आई, तूच बघ!"

आई शिडी चढली आणि स्वतः बोट फिरवून बघून आली. उतरताना तिच्या चेहऱ्यावरचा कालपासूनचा ताण गेलेला होता. "तू हात उचललास ना, म्हणून माझा या छपरावर विश्वास बसला," ती लीटाला म्हणाली. मग आजोबांकडे वळली. "पुढचा मुक्काम कुठे?"

"नेब्रास्का!" आजोबांनी टोपी उडवली. "चला, आवरा, मी माझा ट्रेलर जोडतो."

त्यांचा छोटा ट्रेलर शेजारीच उभा होता. त्याच्यावरही तेवढ्याच गारा पडल्या होत्या.

"आणि तुमचं छप्पर?" लीटाने विचारलं.

"माझं? ते जुन्या काळचं आहे गं, त्याला काय होतंय!"

लीटाने उरलेल्या साबणाची बादली उचलली, दोरीचं टोक आजोबांच्या हातात दिलं आणि बाबांना म्हणाली, "शिडी इकडे आणा."