मंडप हसला तेव्हा

या माउली, असे जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. आजची गोष्ट आपल्याच घरातली आहे, म्हणून जरा हळू आवाजात सांगतो.

धुळ्यात देवपूरला समाधानभाऊ राहतात. एकादशीचं कीर्तन कधी चुकवत नाहीत. त्यांचा योगेंद्र नववीत. शाळेचं स्नेहसंमेलन होतं, आणि त्यात दरवर्षीचा फिशपाँड. मुलांनी एकमेकांवर लिहिलेले टोमणे सरांनी माईकवरून वाचायचे, ज्याच्या नावाची चिठ्ठी त्यानं स्टेजवर येऊन हसत घ्यायची. सरांनी एक उघडली.

"ललितासाठी. हात वर करतेस सगळ्यांच्या आधी, आरशात तोंड पाहिलंस का कधी?"

ललिता शिरपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. मावशीकडे राहून शिकणारी, गणितात वर्गाच्या पुढे. मंडप हसला. सर हसले. पालकांच्या रांगेत समाधानभाऊ तर डोळे पुसत हसले. पोर वर आली, रीतीप्रमाणे हसली, चिठ्ठी घेऊन गेली.

नंतर वर्गात तिचा हात वर गेला नाही. पुढे ती शाळेतच येईना. वडील अमरसिंग शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले, तेव्हा मोहिनी मॅडमनी कारण विचारलं.

"बठ्ठा हसनात, बाई. गुरुजी बी हसनात. पोर आते नही म्हनस." म्हणजे सगळे हसले, गुरुजीही हसले, पोर आता शाळेला नाही म्हणते.

चिठ्ठी कोणाची हे वर्गाला ठाऊकच होतं. योगेंद्र मिरवत होता. मॅडमनी त्याच्या घरी फोन केला. समाधानभाऊंनी पोराला समोर उभं केलं. देवाधर्माचं घर आपलं, हे असलं बोलणं आणलंस कुठून, म्हणत हात उगारला.

"तुमचंच आहे, पप्पा. मम्मी चार माणसांत काही बोलली की तुम्ही हेच म्हणता. मम्मी पण हसते."

पोळ्या करणाऱ्या त्याच्या आईचं, नूतनचं लाटणं थांबलं. "हसत नव्हते रे. पाहुण्यांसमोर रडता येत नाही, म्हणून तोंड तसं करत होते."

उगारलेला हात खाली आला, पण तो ठेवायचा कुठे हे भाऊंना कळेना.

रविवारी बापलेक एसटीनं पाड्यावर गेले. अमरसिंगांनी खाट टाकली, पाणी दिलं. योगेंद्रनं मान खाली घालून माफी मागितली. ललिता दारातूनच म्हणाली, "इथं कोण हसलं होतं? जिथं हसले तिथं सांग."

सोमवारी परिपाठाला योगेंद्र माईकपुढे उभा राहिला. भाऊ शेजारी जाऊन उभे राहिले.

"वाक्य माझं होतं. पोरानं घरून उचललं. आणि हसणाऱ्यांत मीच पुढे होतो."

मग योगेंद्र कसंबसं बोलला, की तिला गणित येतं आणि मला येत नाही, म्हणून लिहिलं. चिठ्ठी वाचणारे सर बुटांकडे पाहत राहिले.

हे ऐकायला ललिता तिथं नव्हती. मॅडमनी दाखला अजून दिलेला नाही. त्या पाड्यावर फेऱ्या घालताहेत. पोर मात्र आज आईबरोबर हरभरा उपटते आहे.

माउली, तुमच्याही गावी संमेलनाचा मंडप पडेल. कुणा पोरीच्या नावाची चिठ्ठी निघेल, हसू ओठाशी येईल. त्या घडीला ललिताला आठवा. देवाचं नाव त्यानंतर घेतलंत तरी चालेल.