सुटणारा पत्रा

गप्प बसली असती, तर सूनबाईचा फायदाच फायदा होता. घरी सासरे खुश राहिले असते, म्हणजे सकाळी मुलाला शाळेत सोडायचं काम परस्पर झालं असतं. कारखान्यात साहेब खुश राहिले असते, म्हणजे यंदा तिच्या हुद्द्याला बढतीची शेपटी लागली असती. बदल्यात करायचं काय, तर एका पत्र्याकडे बघायचं नाही. इतका स्वस्त सौदा कोण सोडतं? पण ती कारखान्याची सुरक्षा अधिकारी, आणि तिला नेमका तो पत्राच दिसायचा.

कारखाना स्टार्चचा. वाळलेला माल चक्कीत दळायचा आणि पोत्यांत भरायचा. उडणारी भुकटी ओढून घ्यायला भिंतीला लागून एक उंच लोखंडी पेटी होती. भुकटी दिसायला गरीब, पण बंद पेटीत तिचा ढग उठला आणि ठिणगी पडली, की दारूगोळ्याने हात जोडावेत. म्हणून पेटी बनवणाऱ्यांनीच अंगणाकडच्या बाजूला एक पातळ पत्रा मुद्दाम नाजूक बोल्टांवर बसवला होता. आत भडका उडाला तर बोल्ट तुटावेत, पत्रा सुटावा आणि जाळ मोकळ्या अंगणात जावा. पत्रा सुटला नाही, तर पेटी फुटणार. आणि भिंतीपलीकडे पॅकिंगचा हॉल होता.

वारा सुटला की हा पत्रा खडखडायचा. साहेबांची केबिन बरोबर वर, त्यामुळे साहेबांचं डोकं उठायचं आणि ते मिस्त्रींना बोलावून घ्यायचे. मिस्त्री म्हणजे सूनबाईचे सासरे. निवृत्त झाल्यावरही कारखान्याला त्यांच्यावाचून करमत नव्हतं आणि त्यांना कारखान्यावाचून. आडनाव काही का असेना, सगळे त्यांना घट्टेमिस्त्री म्हणायचे. हलणारी वस्तू या माणसाला बघवत नसे. घरात त्यांनी लावलेलं बरणीचं झाकण त्यांच्याशिवाय कुणाला उघडायचं नाही. साखर हवी असली तर ते फिरायला जायच्या आत काढून घ्यावी लागे. नळ त्यांनी बंद केला, की नवऱ्याला पक्कड शोधावी लागे.

तर या हातांनी ते नाजूक बोल्ट काढून पोलादी घातले आणि पत्रा असा आवळला की खडखड मेली. सूनबाईने ते काढायला लावले. पुढच्या वाऱ्याला पोलादी बोल्ट पुन्हा हजर. तिने घरी जेवताना समजावलं, चित्र काढून दाखवलं. सासऱ्यांनी चित्र निरखून बघितलं आणि विचारलं, म्हणजे बिघडावं म्हणून बसवलंय? हो म्हटल्यावर त्यांनी ताट सरकवलं. हातावर पोट असलेल्या माणसाला असली थट्टा रुचत नाही, म्हणाले.

साहेबांची तऱ्हा आणखी वेगळी. पत्रा सुटला तर त्याच्यासमोर कुणी नको, म्हणून सूनबाईने अंगणात पिवळी चौकट आखून घेतली. साहेबांना वाटलं, आपल्या गाडीची सोय झाली. पेटीची सावलीही तिथेच पडायची. दुसऱ्या दिवसापासून नवी कोरी गाडी चौकटीत, रेघेला रेघ जुळवून. तिने सांगितलं की हसून म्हणायचे, "मॅडम, एवढं घाबरता, तर घरी कुकर तरी लावता की नाही?"

मग एका सकाळी फेरी मारताना तिला पोलादी बोल्टांची डोकी पुन्हा चमकताना दिसली. या वेळी ती कुणाशी बोलली नाही. चक्की बंद केली, स्विचला स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. साहेब जिना उतरून आले, मिस्त्री पाना घेऊन आले, पॅकिंगच्या बायका दाराशी जमल्या. ऑर्डर अडली म्हणून साहेबांनी आवाज चढवला. आपल्याच सासऱ्याची चारचौघांत शोभा करता, हेही सुनावलं. मिस्त्री मात्र तिच्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या हातचं काम आजवर सुटलेलं नाही."

"तेच तर म्हणतेय, बाबा. सुटायला हवं," ती म्हणाली. "पत्रा नाही सुटला तर भिंत सुटेल. भिंतीला पाठ लावून कोण बसतं?"

तिथे ताई बसायची. म्हणजे मिस्त्रींची थोरली लेक, सूनबाईची नणंद, पोती शिवायला. ती या क्षणी दाराशीच उभी होती, तोंडभर भुकटी, हातात सुई. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. मग शिडी लावून चढले, पोलादी बोल्ट काढले आणि नाजूक बसवले, एकेक, शत्रूच्या लग्नात अक्षता टाकाव्यात तसे.

कुलूप निघालं आणि घरातलं बोलणं बंद झालं. "तुझ्या आईला सांग" हे नातवामार्फत, आणि शाळा सूनबाईच्या गळ्यात. तेवढ्यात चक्कीचं बेअरिंग तापू लागल्याचं तिच्या लक्षात आलं. तिने पुन्हा चक्की थांबवायला सांगितलं, लेखीही दिलं. साहेब म्हणाले, एकदा हौस झाली ना, आता ही ऑर्डर जाऊ द्या. ती कुलूप आणायला वळली.

ऑर्डर अजून थोडी जायची बाकी होती. कुलूप आणि स्विच यांच्यामध्ये ती असतानाच बेअरिंग लाल झालं, ठिणगी भुकटीबरोबर ओढली गेली आणि पेटीत धाडकन आवाज झाला. बोल्ट काडीसारखे तुटले. पत्रा उडाला, मागून जाळाची जीभ अंगणात आली आणि आत ओढली गेली. भिंत जागच्या जागी होती. पॅकिंगच्या बायका एकमेकींना ढकलत बाहेर आल्या. सूनबाईने सगळ्यांची डोकी मोजली, मग पुन्हा मोजली.

पत्रा साहेबांच्या गाडीच्या टपात उभा रुतला होता. गाडीचं तोंड जळून काळं पडलं होतं. चौकटीच्या रेघा तशाच पिवळ्या.

मिस्त्री धावत आले. तुटलेला एक बोल्ट उचलून त्यांनी सुनेपुढे धरला. कितीतरी दिवसांनी तिच्याशी थेट बोलले.

"बघ. म्हटलं नव्हतं, यात दम नाही म्हणून?"

तिने कपाळाला हात लावला. त्यांच्या मागे ताई खोकत पदर झटकत होती. मिस्त्री आवाजाने वळले, तिच्याकडे बघत राहिले, आणि बोल्ट खिशात टाकला.

हिशोब मांडायचा तर तो असा. पेटीचं नुकसान कंपनीने भरलं. गाडीचं साहेबांनी, कारण पिवळ्या चौकटीत उभ्या केलेल्या गाडीचं कंपनी कशाला भरते? मिस्त्रींच्या खात्यातून गेलं ते नाव. त्यांच्या हातचं काम सुटलं, हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. सकाळची शाळा सूनबाईच्याच नावावर राहिली, बढतीचं कुणी नाव काढलं नाही, आणि साखरेची बरणी अजूनही उघडत नाही. पॅकिंगच्या हॉलच्या नावावर नुकसान निघालं ते फक्त पळताना हरवलेली ताईची एक चप्पल. तीही पोत्यांमागे सापडली, म्हणजे तिथली बाकी शून्य.